मुंबई–न्यूयॉर्क: थेट जावं की थांबा घेऊन?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर. दुबईमार्गे ते १२,९५०च्या आसपास जातं, लंडनमार्गे १२,७५०. म्हणजे वाट फारशी वाकडी होत नाही. फरक जेमतेम अर्ध्या तासाच्या उड्डाणाचा. वेळ खातो तो मधला विमानतळ.

थेट विमान जाताना साधारण सोळा तास घेतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्याची झळ दिल्लीहून सुटणाऱ्या विमानांना जास्त लागली. तरी तिकिटावरचा आजचा वेळ पाहा, कुणाच्या जुन्या प्रवासावर जाऊ नका. दुबईमार्गे सव्वातीन आणि सव्वाचौदा असे साडेसतरा तास हवेत, शिवाय थांबा. एकूण वीस-बावीस धरा. लंडनमार्गेही जवळपास तेवढेच, पण तिथे प्रवासाचे दोन तुकडे जरा समान पडतात: पावणेदहा आणि आठ तास. गुडघे धरणाऱ्यांना हे मानवतं. दुबईला तीन तासांत उतरता खरे, पण खरा लांब पल्ला त्यानंतरच सुरू होतो.

अबुधाबीची गोष्ट वेगळी. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र त्या रांगेसाठी थांबा निदान तीन तासांचा हवा. दीड तासाचं स्वस्त तिकीट दिसलं तरी मोहात पडू नका.

पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं जोडणं मला अजिबात पटत नाही. मध्ये बॅगा स्वतः उचलाव्या लागू शकतात, त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्याची जबाबदारी कुणी घेत नाही. एकच तिकीट असलं तरी चेक-इनला बॅगेच्या पट्टीवर शेवटचा कोड जेएफकेचाच, म्हणजे न्यूयॉर्कच्या विमानतळाचाच, आहे ना, हे बघून घ्या. तारखेचंही तसंच: १५ तारखेच्या पहाटे दोनचं विमान असेल तर घरून १४ च्या रात्रीच निघायचं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे उन्हाळ्यात हे विमान १५ तारखेच्याच सकाळी साडेआठच्या सुमारास उतरतं. न्यायला येणाऱ्याला हे नीट सांगा.

आईवडील पहिल्यांदा आणि एकटेच निघाले असतील, तर महाग पडलं तरी थेटच काढा, आणि गरज असेल तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा. दोन्ही बाजूंनी परवडत नसेल तर जाताना थेट, येताना थांबा. परतीला पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने हवेतला वेळ तास-दीड तासाने कमी होतो, आणि उतरल्यावर आपल्याच भाषेत बोलणारी माणसं असतात. फक्त दोन कंपन्यांची एकेरी तिकिटं कधीकधी जाण्यायेण्याच्या एका तिकिटापेक्षा महाग पडतात, तेवढा हिशेब आधी करा.