फिरती लाकूड गिरणी: काँक्रीटच्या कट्ट्यावर बसवावी की चाकांवरच ठेवावी?

फणसाचा चार इंची वासा कापून काढला आणि मापलं: दोन्ही टोकांना 100 मिलिमीटर, मध्यभागी 96. पातं नवीन होतं, ताणही बरोबर होता. करवत ज्यावरून सरकते त्या रुळाला दोरी ताणून पाहिली तेव्हा कळलं. रात्रीच्या पावसाने रुळाला टेकू देणाऱ्या मधल्या जॅकखालची माती दबून रूळ 2 मिलिमीटर खाली बसला होता. ओंडका पलटून दुसरी बाजू कापली की ही खोट दोन्हीकडून लागते, म्हणून 2 चे 4 झाले. सुताराला असा वासा देता येत नाही. त्या दिवसापासून गिरणीखालच्या पायाचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. तुम्ही याच विचारात असाल, तर दोन्ही बाजू माझ्या अनुभवाने मांडतो.

आधी एक खुलासा. हे सगळं आडव्या बँडसॉबद्दल (पट्टा करवतीबद्दल) आहे, म्हणजे ओंडका स्थिर आणि करवतीचं डोकं रुळांवरून पुढे सरकतं ते यंत्र. अमेरिकेत वुड-मायझर कंपनीने 1982 पासून हा प्रकार घरोघरी पोचवला. ऑस्ट्रेलियाच्या लुकास मिलसारखी यंत्रं ओंडक्याभोवती उभी करतात, त्यांना खाली रुळांचा सांगाडा लागतच नाही. तशा यंत्रासाठी कट्टा बांधणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

चाकांचा खरा फायदा ओझ्याचा आहे. 60 सेंटिमीटर व्यासाचा आणि 3 मीटर लांबीचा ओंडका साधारण 30 घनफूट भरतो आणि ओल्या लाकडाचं वजन 800 किलोच्या घरात जातं. तो बागेतून, अरुंद पाणंदीतून, चढावरून बाहेर काढायचा म्हणजे ट्रॅक्टर, साखळ्या आणि चार माणसांचा दिवस. यंत्रच बागेत नेलं तर फळ्या खांद्यावरून बाहेर येतात आणि भुसा, साली तिथेच राहतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात आंबा-फणसाची मोठाली झाडं आडवी केली. अशा वेळी झाडापाशी पोचणारी गिरणी किती मोलाची, हे पडलेली बाग पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण महाराष्ट्रात इथेच थांबून विचार करावा लागतो. लाकूड गिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, तो जागेशी बांधलेला असतो आणि यंत्राला चाकं आहेत म्हणून त्यातून सुटका होत नाही. केंद्राची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं आणि वनहद्दीपासूनच्या अंतराची अट वेगळीच. शिवाय साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, म्हणजे तोडीची परवानगीही हवी. परदेशातले व्हिडिओ पाहून ‘गावोगाव फिरून कापून देऊ’ असा बेत आखत असाल तर आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. परवाना एकाच जागेचा असेल तर चाकांचा निम्मा फायदा कागदावरच संपतो आणि कट्ट्याचं पारडं आपोआप जड होतं.

आता कट्ट्याकडे वळू. त्याची खरी देणगी म्हणजे रोज सकाळचा पाणसळ लावण्याचा वेळ वाचतो आणि मापं पावसाळ्यातही टिकतात. भुसा झाडूने लोटता येतो. मातीवर तोच भुसा भिजून चिखलात मिसळतो आणि पाय घसरतो. करवतीजवळ पाय घसरणं ही हलकी गोष्ट नाही, म्हणून एवढ्या एका कारणासाठीही मी कट्ट्याच्या बाजूने बोलेन.

खर्चाचा अंदाज बांधताना लोक एक गोष्ट चुकतात. 24 फूट बाय 8 फूट, 5 इंच जाडीचा सलग कट्टा म्हणजे 80 घनफूट काँक्रीट, एम-20 प्रतीचं काँक्रीट धरलं तर साधारण 18 पोती सिमेंट. ‘त्यापेक्षा रुळांखाली दोन पट्टेच ओतू’ म्हणून दीड फूट रुंद, एक फूट खोल असे दोन पट्टे काढले तर 72 घनफूट होतात. बचत नावालाच. मी सलग कट्टाच घेईन, रुळांखाली मात्र जाडी आणि सळई वाढवून, कारण वजन तिथेच उतरतं आणि ओंडका गडगडत येऊन आदळतो तोही तिथेच.

जमीन कोणती, यावर बाकी सगळं ठरतं. कोकणात दोन-चार फुटांवर जांभा लागला तर निम्मं काम झालं. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत मात्र सरळ कट्टा ओतू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कट्ट्याला उचलते. फुगणारा थर काढून मुरूम थरांनी भरायचा, प्रत्येक थर पाणी मारून ठोकायचा, मगच सोलिंग, म्हणजे दगडांचा थर.

कट्ट्याला 1:100 उतार द्या, पाणी आणि भुसा बाहेर जाईल. यंत्र मात्र पोलादी पॅकिंग पट्ट्यांवर अचूक समपातळीत आणायचं. काँक्रीटमध्ये ते गाडून टाकू नका. 6 मीटरचा पोलादी रूळ तापमानातल्या 30 अंशांच्या फरकाने सुमारे 2 मिलिमीटर लांबतो. एका टोकाचे बोल्ट घट्ट ठेवा, बाकी भोकं लांबट करा. ओतल्यावर रोज पाणी मारून किमान 7 दिवस भिजत ठेवायचं आणि जड ओंडके 28 दिवसांनंतरच चढवायचे. माझ्या ओळखीच्या एकाने दहाव्या दिवशी सागाचा ओंडका टाकला. कोपऱ्यातून निघालेली भेग आजही तिथे आहे.

निर्णय असा करा. लाकूड तुमच्याकडे येत असेल आणि वर्षभर काम असेल तर कट्टा. झाडं विखुरलेली असतील, परवानगी हाती असेल आणि काम हंगामी असेल तर चाकं, पण जॅकखाली रुंद फळ्या टाका आणि रोज दोरी लावा. कट्टा केलात तरी चाकं आणि आस विकू नका. बोल्ट सोडले की यंत्र हललं पाहिजे.

अजून मन होत नसेल तर एक पावसाळा जुन्या रेल्वे स्लीपरवर चालवून पाहा. ओंडका कुठल्या बाजूने चढतो, ट्रॅक्टर कुठे वळतो, नैऋत्येचा वारा भुसा कुणाच्या अंगावर नेतो, हे तेवढ्यात कळतं. मग चुन्याने रेघ मारायची, लांब ओंडक्यांसाठी एका टोकाला आठ फूट जागा मोकळी ठेवायची आणि गवंड्याला बोलवायचं.