माइनक्राफ्टमध्ये शेकरू: बेडरॉक ॲड-ऑन की जावा मॉड?

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये शेकरू आणू पाहणाऱ्याने आधी खेळाची आवृत्ती ठरवावी: मोबाइलवरही चालणारी बेडरॉक की संगणकावरची जावा. बेडरॉकमध्ये अशी भर ॲड-ऑन म्हणून, तर जावात मॉड म्हणून घालतात. प्राण्याची आकृती दोन्हींसाठी ब्लॉकबेंच या मोफत साधनात करता येते, त्यामुळे खर्चाचा मुद्दा फारसा उरत नाही. खरा फरक वागणुकीत आहे. बेडरॉकमध्ये चालणे, चढणे, घाबरून पळणे असे तयार घटक जेसन फाइलींत (साध्या मजकुरात माहिती मांडणाऱ्या फाइली) मांडले की भागते. मात्र झाडावरून झाडावर घेतलेली झेप, म्हणजे शेकरूचे शेकरूपणच, त्या घटकांत सहज बसत नाही. जावात ती स्वतः लिहिता येते, पण त्यासाठी फॅब्रिक किंवा निओफोर्ज ही मॉड बनवण्याची साधने शिकावी लागतात आणि खेळाची नवी आवृत्ती आली की मॉड बहुधा दुरुस्त करावा लागतो. मोबाइलवर खेळणाऱ्या मुलांसाठी बेडरॉक पुरेसे आहे. संगणक आणि प्रोग्रामिंगची सवय असलेल्या हौशी माणसाने मॉडच करावा.