लोक काय म्हणतील या भीतीवरचे तीन दिवसांचे रिट्रीट

चर्चमध्ये रविवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे सामूहिक उपासनेत, बायबलच्या वाचनासाठी उभी राहिले की लोक काय म्हणतील या धास्तीने माझा घसा कोरडा पडत असे, म्हणून मी वसई परिसरातील एका साधनाकेंद्राच्या या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या शिबिराला गेले. फादरांनी नुसता धीर दिला नाही, तर बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील 4:3-4 या दोन वचनांवर जवळजवळ अख्खी सकाळ दिली, आणि माझ्या मते तीच या रिट्रीटची खरी मिळकत आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत कोणी स्वतःला पौलाचे, कोणी अपुल्लो या उपदेशकाचे, तर कोणी केफाचे, म्हणजे पेत्राचे म्हणवून घेत होते. अशा तुलना करणाऱ्यांना पौल सांगतो की तुम्ही माझा न्याय करावा याचे मला फारसे काही वाटत नाही, मी स्वतःचाही न्याय करीत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. स्वतःला सतत दोषी ठरवणे म्हणजेही स्वतःचा न्याय करणेच, हे मला तोवर कधी जाणवलेच नव्हते.

दुपारी, शेकोटीपाशी एका दासीच्या बोलण्याने गडबडून येशूला ओळखतच नाही असे म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याचा, पेत्राचा प्रसंग एकेकाने वाचायचा होता. माझ्या हातातला कागद थरथरत होता आणि पेत्राच्या नकारापाशी आवाज फुटेना. समोरच्या मावशी मात्र डोळे मिटून शांतपणे ऐकत राहिल्या, आणि मी ती ओळ पुन्हा वाचली.

वैयक्तिक संवादाला प्रत्येकी जेमतेम दहा मिनिटे मिळाली, ती वाढवायला हवीत. भीती फारच तीव्र असेल तर डॉक्टरांनाही भेटावे, असे फादरांनी आपणहून सांगितले, हे मला मोलाचे वाटले. पुढच्या महिन्याच्या वाचकांच्या यादीत मी नाव दिले आहे.