उजेड गवतावर नको, चेंडूवर हवा: ड्रायव्हिंग रेंजच्या एलईडी दिव्यांचा अनुभव

पुण्याजवळच्या एका लहान ड्रायव्हिंग रेंजची, म्हणजे गोल्फचे लांब फटके मारायचा सराव करायच्या मैदानाची, देखभाल माझ्याकडे आहे. मागच्या गणपतीआधी तिथले 1000 वॉटचे मेटल हॅलाइड (जुन्या पद्धतीचे मोठे फ्लडलाइट) उतरवले आणि 500 वॉटचे एलईडी फ्लडलाइट चढवले. आता पुन्हा पाऊस लागलाय, म्हणजे सगळे ऋतू बघून झालेत. दिवे विकायला येणारा प्रत्येक जण उजेड मोजायचा लक्समीटर काढतो आणि गवतावर आडवा ठेवून आकडा दाखवतो. रेंजवर त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही, हे सांगायला हे लिहितोय.

आमच्याकडे गवत बघायला कुणी येत नाही. गोल्फच्या चेंडूचा व्यास जेमतेम 42.67 मिलिमीटर. दीडशे मीटरवर गेला की निकोप डोळ्यालाही त्याचा आकार कळत नाही, कळते ती फक्त चमक. त्यात चांगल्या खेळाडूचा ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचा, शॉट तीसेक मीटर चढतो आणि आमचे पोल आहेत 15 मीटरचे. सगळी तोंडं खाली वाकवली तर गवत झकास उजळतं, फोटोही छान येतात, पण चेंडू क्षणात उजेडाच्या वर निघून जातो आणि मेंबर विचारतात, "गेला कुठं?"

जमलेली मांडणी अशी. टीच्या, म्हणजे जिथून चेंडू मारतात त्या जागेच्या, शेडवर, खेळणाऱ्याच्या पाठीमागे, अरुंद झोताच्या फिटिंग्ज जवळजवळ सरळ समोर रोखलेल्या. शिवाय रेंजच्या मध्ये मातीचे बुटके उंचवटे करून त्यांच्यामागे जमिनीलगत काही दिवे, टीकडे पाठ करून, तोंड किंचित वर. टीवरून बल्ब दिसत नाही, म्हणून डोळे दिपत नाहीत आणि वरचा चेंडू खालून उजळतो. काळ्या आकाशावर तो इतका स्वच्छ दिसतो की काही जुने मेंबर आता दिवसा यायचेच बंद झालेत. भर दुपारी पांढऱ्या ढगावर पांढरा चेंडू शोधण्यापेक्षा हे सोपं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

विजेचं थोडक्यात सांगतो. जुना दिवा चोकसकट 1050 च्या पुढे वॉट खायचा, म्हणजे बिल निम्म्यावर यायलाच हवं होतं आणि आलं. पण खरा आराम वेगळाच आहे. मेटल हॅलाइड एकदा विझला की थंड होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतो. आमच्या फीडरवर संध्याकाळी एखादा झटका ठरलेला, आणि तेवढा वेळ सगळे काठ्या टेकून उभे. एलईडी वीज आल्याबरोबर लागतो.

एक गोष्ट मात्र खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. कोच मंडळी स्विंगचा स्लो मोशन व्हिडिओ घेतात. स्वस्त ड्रायव्हरचा (इथं ड्रायव्हर म्हणजे काठी नव्हे, एलईडीला वीज पुरवणारा डबा) दिवा 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्याला पत्ता लागत नाही, मोबाइलवर मात्र पट्टे सरकतात. म्हणून ट्रायलला एक फिटिंग लावून घ्या आणि जागेवरच फोनने सेकंदाला 240 फ्रेमचं शूटिंग करून बघा. आम्ही तसं केलं आणि पहिलं मॉडेल तिथंच परत पाठवलं.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. पहिला पाऊस झाला की वाळवीला पंख फुटतात आणि अख्खी फौज दिव्यांवर येते. किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे साप. चेंडू गोळा करणाऱ्या पोरांना गमबूट आणि बॅटरी दिल्याशिवाय अंधार पडल्यावर आत सोडत नाही. दिव्यांचा निळसर पांढरा रंग किड्यांना जास्त खेचतो. पुढच्या वेळी 5700 ऐवजी 4000 केल्व्हिनचे, म्हणजे कमी निळसर उजेडाचे, घेणार.

सगळ्यात अवघड प्रकरण शेजारच्या शेवंतीचं झालं. कुंपणापलीकडे एका बागायतदाराचा प्लॉट आहे. दसरा तोंडावर आला तरी आमच्या बाजूच्या ओळी कळी धरेनात. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते, फुलं मुद्दाम लांबवायची असली की पॉलिहाऊसवाले स्वतःच रात्री दिवे लावतात. इथं ते काम आम्ही फुकटात करत होतो! काका भांडायला आले नाहीत, नुसते दोन फांद्या घेऊन आले, एक रस्त्याकडची फुललेली आणि एक आमच्याकडची हिरवीगार. त्या बाजूच्या फिटिंग्जना पत्र्याचे पडदे बसवले, दोन दिवे फिरवले आणि रात्री नऊनंतर उजेड निम्मा करणारा टायमर लावला. मेटल हॅलाइडला असं मंद करणं जमलंच नसतं. नुकसानभरपाई कमिटीने दिली.

वळवाच्या पावसात विजा कडाडल्या आणि तीन ड्रायव्हर गेले. पुरवठादार म्हणाला, सर्ज, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब, वॉरंटीत बसत नाही. कोटेशनमध्ये 10 केव्ही सर्ज प्रोटेक्शन छापलेलं होतं, पण अर्थिंग तपासायला कुणी आलंच नव्हतं. आमच्या वायरमनने दोन पोलांचे अर्थपिट (अर्थिंगचे खड्डे) पुन्हा केले आणि ड्रायव्हर वरून काढून पोलच्या बुडाशी पेटीत आणले. आधी एक ड्रायव्हर बदलायला क्रेन बोलवावी लागायची, आता स्टूलही लागत नाही.

दुबईला जाऊन आलेले मेंबर एमिरेट्स गोल्फ क्लबच्या फाल्डो कोर्सचं कौतुक सांगतात. तिथं अठराही होल रात्री खेळता येतात, 2019 मध्ये महिलांची व्यावसायिक स्पर्धाही दिव्यांखाली झाली. मग मागणी येते, आपल्याकडे निदान पटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा सराव करतात ती हिरवळ, तरी उजळा. ते रेंजपेक्षा नाजूक काम आहे. एकाच बाजूने उजेड आला की ग्रीनवरच्या लहानशा उंचवट्याची सावली लांबते आणि उतार आहे त्याहून तीव्र वाटतो, शिवाय पटरची (चेंडू ढकलायच्या काठीची) आणि स्वतःची सावली नेमकी चेंडूच्या रेषेवर पडते. दोन्ही बाजूंनी दिवा हवा. आमच्या ग्रीनला सध्या एकच पोल आहे, दुसऱ्याचं कोटेशन कमिटीपुढे आहे, आणि या वेळी अर्थिंगची टेस्ट त्यात लिहूनच घेतली आहे.