जॅझ गिटार: सोलोची सुरुवात स्केलपासून, आर्पेजिओपासून की रेकॉर्ड ऐकून?

पेंटाटॉनिकवर, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलवर, ब्लूज-रॉक सहज वाजवणारा गिटारिस्ट जॅझकडे वळला की पहिल्याच गाण्यात त्याचं घोडं पेंड खातं. आलापात सा जागचा हलत नाही. जॅझमध्ये दर बारला (ठरावीक बीट्सच्या मापाला) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, बदलते, आणि मागच्या बारमध्ये गोड लागलेला स्वर पुढच्या बारमध्ये खुपतो. अशा कॉर्डवर सोलो (जागच्या जागी रचलेली सुरावट) शिकण्याच्या वाटा मुख्यतः तीन. तिन्ही एकाच मापाने मोजता याव्यात म्हणून ‘ऑटम लीव्ह्ज’ या प्रसिद्ध जॅझ गाण्याचे पहिले आठ बार घेऊ. जी मायनरमध्ये त्या कॉर्ड अशा: सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, ए मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, डी सेव्हन आणि शेवटचे दोन बार जी मायनर.

स्केलची वाट सर्वांत लवकर फळ देते. बी फ्लॅट मेजर हे एकच स्केल सातपैकी सहा कॉर्डना पुरतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी काहीतरी वाजू लागतं. फसगतही तिथेच होते. डी सेव्हनमध्ये एफ शार्प आहे आणि या स्केलमध्ये साधा एफ. सहाव्या बारला तो एफ वाजला की जी मायनरकडे नेणारी ओढच गळून पडते. दुसरी चूक जास्त छुपी आहे: बी फ्लॅट मेजर सेव्हनवर पहिल्याच बीटला ई फ्लॅट धरून थांबणं. स्वर स्केलमधलाच, पण कॉर्डमधल्या डीशी त्याची टक्कर होते. ‘कोणते स्वर चालतील’ हे स्केल सांगतं. कुठे थांबायचं हे सांगत नाही.

आर्पेजिओची, म्हणजे कॉर्डच्या स्वरांची वाट सुरुवातीला रुक्ष वाटते. बहुतेक जण चारही स्वर रूटपासून (कॉर्डच्या मूळ स्वरापासून) वर-खाली वाजवतात आणि सोलोऐवजी रियाझ ऐकू येतो. शिवाय हात दर कॉर्डला रूट शोधत बसतो, म्हणून बदल उशिरा पोचतो. म्हणून आधी फक्त, रूटपासून स्केलमध्ये मोजलेला, तिसरा आणि सातवा स्वर घ्या. तिसरी आणि चौथी तार एकत्र छेडायची. दर कॉर्डचे फ्रेट अनुक्रमे (आधी तिसरी तार, मग चौथी) ८-८, ८-७, ७-७, ७-५, ५-५, ५-४, ३-३. सात कॉर्डचा सगळा प्रवास या दोन तारांवर मावतो, आणि बहुतेक ठिकाणी एकच बोट सरकतं. पाचव्याकडून सहाव्या बारकडे जाताना चौथ्या तारेवर पाचवरून चारवर आलात, तोच तो एफ शार्प. हे न बघता जमलं की दर बारच्या पहिल्या बीटला यांपैकी एक स्वर ठेवा आणि त्याच्याकडे अर्धा स्वर खालून या. फ्रेज, म्हणजे सुरावटीचं वाक्य, लगेच जॅझसारखी बोलू लागते.

तिसरी वाट रेकॉर्डवरून सोलो उचलण्याची. जॅझ गिटारिस्ट वेस माँटगोमेरी आपल्या आधीच्या गिटारिस्ट चार्ली ख्रिश्चनचे सोलो कानाने बसवूनच पुढे आला. लय, स्विंग, श्वास कुठे घ्यायचा, हे कागदावरून येत नाही; इथेच येतं. पण अख्खा सोलो घेऊ नका. दोन ते चार बार पुरे. आधी गाऊन दाखवता आलं पाहिजे, मग गिटारवर शोधा, मग प्रत्येक स्वर त्या कॉर्डचा कितवा ते लिहा आणि आणखी दोन पट्ट्यांत वाजवा. हा लिहिण्याचा टप्पा गाळला की लिक्स (छोट्या तयार सुरावटी) नुसत्या पाठ राहतात, आणि पट्टी किंवा टेम्पो बदलला की ढासळतात. तयार टॅब (तार आणि फ्रेट दाखवणारं लिखाण) उतरवून घेतला तर बोटं शिकतात, कान तिथेच राहतो.

मग निवड कशी करायची? पेंटाटॉनिकवाल्याने दोन तारांपासून सुरुवात करावी, सोबत आठवड्याला एक फ्रेज कानाने उचलावी, आणि स्केल मधल्या जागा भरायला तिसऱ्या क्रमांकावर ठेवावं. गाणं शिकलेल्याचा कान तयार असतो, त्याने रेकॉर्डपासून सुरुवात केली तरी चालेल. स्केल आधी शिकण्याला एकच भक्कम कारण आहे: मोडल, म्हणजे बराच वेळ एकाच स्केलवर राहणारी, गाणी वाजवायची असतील तर. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार डी डोरियन (मायनरसारखं एक स्केल), आठ बार ई फ्लॅट डोरियन आणि पुन्हा आठ बार डी डोरियन, इतकंच आहे. तिथे कॉर्डमागे धावण्याचा प्रश्नच नाही.

वाट कोणतीही घ्या, मेट्रोनोम ४० वर लावा आणि टिकटिक दुसऱ्या व चौथ्या बीटला धरा. म्हणजे खरा टेम्पो ८० होतो. आठवड्याने बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) बंद करून नुसता सोलो रेकॉर्ड करा. ऐकताना सहावा बार कुठे आला ते कळत नसेल, तर पुन्हा त्या दोन तारांवर या.