जुना कार्बोरेटर दुकानात सोडून येऊ नका

आरएक्स असो, यझदी असो की जुनी बुलेट, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात पाठवणारा भाग) बदलायला गेलात तर उतरवलेला जुना कार्बोरेटर कितीही गंजका दिसला तरी पिशवीत घालून घरी आणा. "जुना द्या, पाचशे कमी करतो" असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ निघा. आमच्या देवगड-कणकवली भागात या गाड्या अजून खूप घरांत आहेत, आणि माझ्याबरोबर जे झालं ते आणखी कुणाबरोबर होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी वडिलांची, यामाहा आरएक्स 100. हे मॉडेल 1996 साली बंद झालं, त्यामुळे तिचा कंपनीचा व्हीएम 20 मिकुनी कार्बोरेटर चांगल्या अवस्थेत असेल तर त्याला गिऱ्हाईक कायम तयार असतं. मला तेव्हा याचा अंदाज नव्हता, दुकानदाराला पुरता होता.

पावसाळाभर गाडी पडवीत उभी होती. खारा वारा आणि दमट हवा यामुळे आपल्याकडे कार्बोरेटरच्या बॉडीवर पांढरी पूड धरते. त्यात हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरून ठेवतं. टाकीत आणि फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरखाली पेट्रोल साठतं ती वाटी) ते महिनोन्महिने राहिलं की सगळ्यात आधी तुंबतो तो पायलट जेट, म्हणजे मूठ सोडलेली असताना पेट्रोल देणारी बारीक नळी, कारण त्याचं भोक केसाएवढं असतं. लक्षणं नेमकी तीच होती. चोकवर, म्हणजे जास्तीचं पेट्रोल दिलं की, गाडी चालू व्हायची, चोक सोडला की बंद. आमचे नेहमीचे मेस्त्री मुंबईला लेकाकडे गेले होते, म्हणून गाडी टेम्पोत घालून हायवेवरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात नेली. दुकानाला लागूनच गॅरेज होतं.

तिथल्या माणसाने कार्बोरेटर उतरवला, उन्हात धरून बघितला आणि सांगितलं, "बॉडी गेली. स्लाइड झिजली. ह्याला आता काही करता येत नाही." (स्लाइड म्हणजे मूठ पिळली की वर सरकून हवेची वाट उघडणारा तुकडा.) नवीन ओरिजिनल आहे म्हणाला. खोक्यावर कंपनीचं नाव, आत प्लास्टिकमध्ये चकचकीत कार्बोरेटर. किंमत चोवीसशे, जुना दिला तर एकोणीसशे. जुना त्याने माझ्यासमोर काउंटरखालच्या डब्यात टाकला. बिल मागितलं तर चिठोऱ्यावर "आरएक्स कार्ब ओरिजिनल, 1900" असं लिहून सही केली. ती चिठ्ठी जपून ठेवली हे बरं झालं.

बसवताना कार्बोरेटरचं तोंड मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबरात ढिलं बसत होतं. गॅरेजमधल्या पोराने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, तोंडाभोवती गुंडाळली आणि वरून क्लिप आवळली. विचारलं तर म्हणाला, नवीन आहे, सेट होईल.

गाडी लगेच चालू झाली. पण अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली उतरायची नाही. मूठ एकदम पिळली की इंजिन खोकायचं, आणि चोक अर्धा ओढला की तेवढ्यापुरतं बरं चालायचं. हे शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा. गरम इंजिन चोक ओढल्यावर जास्त चांगलं चालतंय, याचा अर्थ पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय. गाडी लीन चाललीय. दुकानात फोन केला तर एकच उत्तर: "चालवा साहेब, पाचशे किलोमीटरनंतर बसेल." कार्बोरेटर चालवून बसत नसतो. तो पिस्टन-रिंग नाही.

त्या आठवड्यात कामासाठी राधानगरीकडे निघालो. फोंडाघाटाची बाजारपेठ मागे टाकली, चढ सुरू झाला आणि मूठ उघडी ठेवावी लागली. आरएक्ससारखं टू-स्ट्रोक इंजिन लीन असलं की अशा चढावर मरतं, कारण पेट्रोल कमी गेल्यामुळे पिस्टन भयंकर तापतो. आधी आवाज बारीक झाला, मग ओढ गेली, आणि पुढच्या वळणाआधी मागचं चाक जॅम. बोटं क्लचवर होती म्हणून गाडी सावरली. मागून एसटी येत होती. त्या जागी दुसरा कुणी असता, मागे बायको-मूल बसलेलं असतं, तर काय झालं असतं हा विचार अजून मनातून जात नाही. हा पैशांपुरता विषय नाही, हे म्हणूनच सांगतोय.

मेस्त्री परत आल्यावर त्यांनी ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं, उघडला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली, प्लगचं टोक खडूसारखं पांढरं. नीट चालणाऱ्या गाडीचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. मग त्यांनी तो कार्बोरेटर हातात घेतला, स्लाइड काढून आतल्या वाटेला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. 20 मिलिमीटर हवं होतं, 24 भरलं. "ह्यो तुझ्या गाडयेचो न्हय रे झिला," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. वाट मोठी, आणि मूठ उघडल्यावर पेट्रोल देणारा मेन जेट मात्र कुठल्यातरी फोर-स्ट्रोकचा असावा इतका लहान. वर ट्यूबच्या पट्टीतून फुकटची हवा जात होती ती वेगळीच. मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर म्हणजे जास्त पिकअप असं पोरं समजतात, पण तोंड मोठं झालं की हवेचा वेग पडतो आणि जेटमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही.

मेस्त्रींनी जेट बदलून बघायचं म्हटलं, तर कुठल्या नंबरचा घालायचा हे ताडायला जुना कार्बोरेटरच हाताशी नाही. मेन जेटवर नंबर असतो, सुईवर कोड असतो, स्लाइडच्या कापावरही आकडा असतो. जुना जवळ असला की नवीन माल दुकानातच समोरासमोर ठेवून तपासता येतो. तो काढून घेतला की तुमच्याकडे पुरावाही राहत नाही आणि मापही राहत नाही.

ब्लॉकला बोअर मारून, म्हणजे तो आतून मोठा करून, 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागला. सगळं मिळून पाच हजारांच्या वर गेले.

पुढचं कळलं ते योगायोगाने. कुडाळच्या आतेभावाला आरएक्ससाठी कार्बोरेटर हवा होता. त्याच दुकानातून त्याला व्हॉट्सअॅपवर फोटो आला: "ओरिजिनल मिकुनी, जुन्या गाडीचा, 4500." फ्लोटच्या वाटीला तीन स्टीलचे स्क्रू आणि एक पितळेचा. तो पितळेचा स्क्रू वडिलांनी स्वतः घातलेला, जुन्याचं डोकं गेलं होतं म्हणून. गाडीच्या जुन्या फोटोतही तो स्पष्ट दिसतो. "बॉडी गेली" म्हणून ज्याचे मला पाचशे दिले, तोच धुऊन-पुसून साडेचार हजारांना विकायला काढला होता.

आम्ही दोघं चिठ्ठी आणि फोटो घेऊन गेलो. आधी "भंगारात गेला", मग "असे खूप येतात". गिऱ्हाइकं जमायला लागली तेव्हा कार्बोरेटर काउंटरवर आला. एकोणीसशे रुपये आणि बोअरचा खर्च द्यायला मात्र साफ नकार. डुप्लिकेट माल डुप्लिकेट म्हणून विकला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. इथे खोटं सांगून खरा काढून घेतला आणि माणसाचा जीव धोक्यात घातला.

असं कुणाचं झालं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. चिठ्ठी हस्तलिखित असली तरी जपा, आणि जॅम झालेला पिस्टन फेकू नका.

आमचा जुना कार्बोरेटर मेस्त्रींनी खोलला. स्लाइड ठणठणीत होती. पायलट जेट तुंबलेला, फ्लोटची सुई बदलायला झालेली. दीडशे रुपयांच्या आत काम झालं आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली. माझी तक्रार दाखल आहे. तो 24 चा कार्बोरेटर, त्यातला जेट आणि ट्यूबची पट्टी मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये निकाल लागेपर्यंत तशीच ठेवली आहे.