मूडलमधली कुलपं: वर्षभर वापरून काय वाटतंय

पहिल्या आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू वाचून काही कळत नाही, तेव्हा सगळ्यांना सगळंच भारी वाटत असतं, म्हणून मुद्दाम थांबलो होतो. मी डिप्लोमाला शिकवतो, दोन डिव्हिजन, प्रत्येकीत प्रॅक्टिकलच्या तीन बॅच, आणि वर केटीवाले, म्हणजे मागचे विषय राहिलेले. आधी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं, म्हणजे सेमिस्टरभराच्या पीडीएफ पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या फोनमध्ये, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री "सर युनिट तीनच्या नोट्स परत टाका ना". कुणाला काय कधी दिसेल हे आपल्या हातात असावं, बस एवढ्यासाठी मूडलवर आलो, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर.

मूडल फुकट आहे, सर्व्हरचे पैसे मात्र आपले. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डौगियामास यांनी सुरू केलेलं, १.० आवृत्ती २००२ ची, म्हणजे काल-परवाचं ॲप नाही आणि ते दिसतंही तसंच, सेटिंगची पानं संपता संपत नाहीत. चार पॉइंट झिरोपासून चेहरामोहरा सुधारलाय म्हणा.

मुख्य गोष्ट म्हणजे रिस्ट्रिक्ट ॲक्सेस, हेच ते कुलूप. कुठल्याही फाइलवर, क्विझवर किंवा अख्ख्या सेक्शनवर अट लावता येते: अमुक तारखेनंतर, आधीची ॲक्टिव्हिटी पूर्ण झाल्यावर, अमुक टक्के मार्क मिळाल्यावर, अमुक ग्रुपमध्ये असेल तरच. अटी एकात एक बसवताही येतात, "सगळ्या पाहिजेत" किंवा "यातली कुठलीही एक चालेल" असं. हे हातात आलं की पहिल्यांदा माणूस वेडा होतो आणि दिसेल त्याला कुलूप लावत सुटतो. आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका मॅडमनी अख्खा कोर्स साखळीसारखा बांधला होता, एक झाल्याशिवाय दुसरं नाही, दुसरं झाल्याशिवाय तिसरं नाही, मग एक मुलगा आजारी पडला की त्याच्यापुढचं सगळं बंद आणि मॅडमचा फोन चालू. मी आता युनिटला एकच कुलूप ठेवतो, छोटी क्विझ, चाळीस टक्के मिळाले की पुढचं युनिट उघडणार, अटेम्प्ट कितीही. सोपीच असते, पण नोट्स उघडून तरी बघाव्या लागतात, आणि मला तेवढंच पाहिजे.

प्रत्येक अटीशेजारी डोळ्याचं एक चिन्ह असतं, त्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. डोळा उघडा असेल तर मुलांना ती गोष्ट फिकट दिसते आणि खाली का बंद आहे ते लिहिलेलं येतं, क्विझ पूर्ण करा, या तारखेनंतर मिळेल वगैरे. डोळा बंद केला की ती गोष्ट त्यांच्यासाठी जगातच नाही. मी तर सांगेन उघडाच ठेवा. बंद ठेवला की "सर माझ्याकडे दिसत नाही, मित्राला दिसतंय" हे मेसेज चालू होतात आणि प्रत्येकाचं कारण आपणच शोधत बसायचं. बंद डोळा फक्त बॅचनुसार वेगळ्या असलेल्या गोष्टींना, कारण ए बॅचला बी बॅचचा प्रॉब्लेम स्टेटमेंट आहे हे कळायचंही कारण नाही.

बॅचवरून आठवलं, इथे भलेभले फसतात. कोर्सला सेपरेट ग्रुप्स लावलं की सगळं वेगळं झालं असं वाटतं, पण त्याने फोरम, असाइनमेंट असल्या ॲक्टिव्हिटीत एका ग्रुपचं काम दुसऱ्याला दिसत नाही एवढंच होतं, साधी पीडीएफ ठेवली असेल तर ती सगळ्यांना दिसतेच. फाइल खरंच एका बॅचपुरती हवी तर त्या फाइलवर ग्रुपची अट वेगळी लावायला लागते. मुलं आपोआप बॅचमध्ये पडावीत म्हणून प्रत्येक ग्रुपला वेगळी एनरोलमेंट की, म्हणजे कोर्समध्ये शिरायचा पासवर्ड, देता येते (कोर्सची मुख्य की पण ठेवायलाच लागते, नाहीतर चालत नाही), ती टाकून आत आला की तो पोरगा थेट त्या बॅचमध्ये. की अर्थातच व्हॉट्सॲपवर फिरते, फिरणारच, म्हणून सगळे आले की नवीन सेल्फ एनरोलमेंट बंद करून टाकायचं.

क्विझच्या तारखांचं नीट समजून घ्या. क्विझ अमुक वेळेपर्यंतच चालावी हे दोन ठिकाणी लावता येतं, क्विझच्या स्वतःच्या टायमिंगमध्ये आणि रिस्ट्रिक्ट ॲक्सेसमध्ये, आणि दोन्ही सारखंच वाटतं पण नाहीये. टायमिंगमध्ये लावलं तर एखाद्या मुलाला ओव्हरराइड देऊन दोन दिवस वाढवून देता येतात. रिस्ट्रिक्ट ॲक्सेसची तारीख उलटली की ओव्हरराइड देऊनही तो आत जाऊच शकत नाही, बाहेरच्या दारालाच कुलूप. कुणी ॲडमिट होतं, कुणाकडे लग्न असतं, त्यामुळे ओव्हरराइड दर युनिटला लागतोच.

आणखी एक, टीचरच्या लॉगिनला कुठलीच अट अडवत नाही, त्यामुळे आपल्याला सगळं उघडंच दिसतं. स्विच रोल करून स्टुडंट होता येतं पण ग्रुप आणि मार्क आपलेच राहतात, त्याने बॅचची अट तपासली जात नाही. सरळ एक खोटा विद्यार्थी बनवा, ए बॅचमध्ये टाका आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन ठेवा. शिवाय सर्व्हरचा टाइमझोन बघून घ्या, आमच्या होस्टिंगवाल्याने तो लंडनचा ठेवला होता आणि रात्री बाराची डेडलाइन मुलांना पहाटे साडेपाचची दिसत होती. मुलं खूश होती.

आता जे जमत नाही ते. हे कुलूप क्रम लावायला आहे, लपवायला नाही. एकदा उघडलेली पीडीएफ मुलाच्या फोनमध्ये गेली की नंतर कितीही बंद करा, ती ग्रुपवर फिरणार. आणि कोर्समध्ये गुगल ड्राइव्हची लिंक ठेवून त्यावर अट लावणारे सर बघितलेत मी, अहो मूडल फक्त लिंक झाकतं, ड्राइव्हवर "लिंक असलेला कुणीही" असं शेअरिंग असेल तर लिंक कॉपी केलेला कुणीही ती कधीही उघडतो. फाइल मूडलमध्येच अपलोड करा. उत्तरं तर वेळ येईपर्यंत अपलोडच करू नका.

नुसतं वेळ लावून पोस्ट टाकायचं, निवडक मुलांना असाइनमेंट द्यायचं एवढंच असेल तर गुगल क्लासरूम पुरतं आणि डोक्याला ताप कमी. मी मूडल सोडणार नाही त्याचं एक मोठं कारण केटीवाले. सेमिस्टर संपलं की मुलांना कोर्समधून काढून न टाकता एनरोलमेंट सस्पेंड करतो, आत येता येत नाही पण मार्क, सबमिशन सगळं जागेवर राहतं. निकाल लागला की ज्यांची केटी आहे तेवढ्यांना परत ॲक्टिव्ह करायचं, एका मिनिटाचं काम, आणि टर्मवर्कचे जुने मार्क समोर असल्यामुळे "सर मी दिलं होतं ना" हा वादही होत नाही.